सीओईपीत नव्याने येणाऱ्यांसाठी: पदवीवर सही कोणाची?

सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये, प्रवेश नक्की झाला की नातेवाईक, शेजारी, क्लासचे सर, सगळे एकच आकडा ऐकवतात: १८५४. देशातल्या सर्वांत जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एक, विश्वेश्वरय्यांचं कॉलेज, वगैरे वगैरे. यातलं काहीच खोटं नाही. पण यंदा माझ्या पुतणीचा नंबर तिथे लागला तेव्हा तिला मी वेगळाच इतिहास सांगितला. अभ्यासक्रम कोण ठरवत होतं, पेपर कोण काढत होतं आणि पदवीवर नाव कोणाचं येत होतं, हा तो इतिहास. माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव आहे, तिच्या पदवीवर सीओईपीचं स्वतःचं असेल. या एका फरकाला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि नव्या मुलांच्या रोजच्या जगण्यावर या संस्थेतल्या कोणत्याही दगडी कमानीपेक्षा त्याचा जास्त परिणाम होतो.

सुरुवात साधी होती. १८५३ साली मुंबई–ठाणे आगगाडी धावली, १८५४ च्या सुमारास डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खातं लष्करी मंडळापासून वेगळं झालं. रस्ते, कालवे, पूल, लोहमार्ग यांची कामं निघाली. साहेब इंजिनिअर विलायतेहून यायचे, पण त्यांच्या हाताखाली मोजणी करणारा, नकाशा काढणारा, गवंड्यांकडून काम करून घेणारा माणूस इथेच घडवायला हवा होता. त्यासाठी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं. म्हणजे आज ज्याच्या कटऑफवर बातम्या होतात, ती संस्था मुळात दुय्यम नोकरांसाठी काढलेला वर्ग होती. ‘ऐतिहासिक वारसा’ म्हणताना हे कोणी सांगत नाही. मला मात्र यातच या जागेचा स्वभाव दिसतो: आधी साइटवरचं काम, मग पदवीबिदवी.

गंमत अशी की मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. शाळा आधी, विद्यापीठ नंतर. पुढे १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते संगमाजवळच्या इमारतीची पायाभरणी झाली, आणि १८६६ च्या सुमारास संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. ते विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर बांधलेलं होतं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. आपल्याकडची ‘संलग्न महाविद्यालय’ ही चीज तिथून आली, आणि अजून मुक्कामाला आहे. पदवीचं नाव होतं एलसीई, म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आले आणि १८८३ साली हीच एलसीई पहिल्या क्रमांकाने पास झाले.

त्या काळात कॉलेजचं नावही वेगळं होतं: ‘कॉलेज ऑफ सायन्स’. इथे शेतीचे आणि वनशास्त्राचेही वर्ग भरत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचं मूळ इथेच आहे. त्या वेळचे प्राचार्य थिओडोर कुक मूळचे रेल्वेचे इंजिनिअर, वसईच्या लोखंडी पुलाच्या कामावर होते. आज त्यांचं नाव घेतात ते वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अजून संदर्भाला काढला जातो. ‘इंजिनिअरिंग सोडून दुसरं काही करायचं आहे’ असं घरी कसं सांगू, हा प्रश्न पडणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावं.

विश्वेश्वरय्यांचं म्हणाल तर त्यांचा पुतळा बघून पुढे जाऊ नका, एकदा खडकवासल्याला जा. १९०३ साली त्यांनी तिथल्या सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं, आणि पूर आला की माणसाची वाट न बघता दारांनी आपली आपण उघडायचं, अशी योजना. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की वजनांचा तोल बदलतो आणि दारं उघडतात, पातळी उतरली की मिटतात. वीज नाही, मोटर नाही. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये ‘मोमेंट’ शिकवतील तेव्हा फळ्यावरचा तो कंटाळवाणा बीम बघताना ही दारं आठवली तर अर्धं काम झालं.

१९११ मध्ये नाव ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ झालं. त्यानंतर शाखा एकेक करत आल्या. मेकॅनिकल १९१२, इलेक्ट्रिकल १९३२, टेलिकम्युनिकेशन १९४६, मेटलर्जी १९४८. प्रत्येक शाखा तिच्या काळाच्या गरजेतून आली आहे, हे या वर्षांकडे नीट पाहिलं की कळतं. टेलिकॉमचंच बघा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा विभाग निघाला, आणि दहा-बारा वर्षांच्या आत त्यातून १९५६ साली थॉमस कैलथ आणि १९५८ साली कुमार पटेल बाहेर पडले. कैलथ पुढे स्टॅनफर्डला गेले, कंट्रोल आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव कधी ना कधी भेटतंच. पटेलांनी बेल लॅब्जमध्ये १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. आज पत्रा कापणाऱ्या कारखान्यांत जी लेसर यंत्रं दिसतात, त्यांच्या खानदानाचा मूळ पुरुष तो. त्या वेळी ‘टेलिकॉमला स्कोप काय?’ असं विचारणारे काका नक्कीच असतील. काका कायम असतात.

आणि मेटलर्जी. माझी शाखा, त्यामुळे इथे जरा थांबतो. कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या, यादीत ही शाखा खाली असते, आणि अनेक जण ‘कॉलेज मिळालं ना, शाखा कुठलीही चालेल’ म्हणत इथे येऊन पडतात. पण ती १९४८ ला सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पुण्याभोवती कारखाने उभे राहिले. एमआयडीसी १९६२ ची, भारत फोर्ज १९६१ चा. फोर्जिंग, कास्टिंग, हीट ट्रीटमेंट यांना माणसं लागणारच होती. आजही चाकण–रांजणगाव पट्ट्यात एखादा क्रँकशाफ्ट तुटला की तो ‘का तुटला’ हे सांगणारा माणूस आमच्यातलाच असतो.

तिथला एक प्रॅक्टिकल सांगतो, कारण विद्यापीठं बदलली, अभ्यासक्रम बदलले, तरी हा तसाच आहे. पोलादाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा. बेल्टवर सपाट करायचा. मग एमरी पेपर: जाड, बारीक, त्याहून बारीक. प्रत्येक पेपरवर तुकडा नव्वद अंशांत वळवून घासायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे एकूण एक जाईपर्यंत पुढचा पेपर धरायचा नाही. नवीन मुलं इथेच घाई करतात. दोन ओरखडे राहिले तर राहू देत, असं म्हणून पुढे जातात, आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली तेच दोन ओरखडे महामार्गासारखे आडवे दिसतात. पेपर झाले की फिरत्या चाकावर मखमली कापड आणि अल्युमिनाचं पाणी. तुकडा आरशासारखा झाला की धुवायचा, अल्कोहोल, गार हवेचा झोत. मग नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलात मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लात, काही सेकंद. चमक किंचित मंदावली की लगेच बाहेर. जरा जास्त झालं तर काळं पडतं आणि पुन्हा एमरी पेपरपासून सुरुवात. नीट जमलं तर पोलादाची आतली रचना उघडते: पांढऱ्या फेराइटच्या कणांमध्ये परलाइटचे गडद ठिपके दिसतात, आणि वरची भिंगं लावली की त्या ठिपक्यांतल्या रेघा. इतके दिवस पुस्तकातल्या आकृतीवर विश्वास ठेवलेला असतो. आता ती आकृती तुमच्या हाताने घासलेल्या लोखंडात असते. शाखा बदलून घ्यायचीच असेल तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर काय मिळतं ते नियमात बघा, जरूर प्रयत्न करा. पण नाही मिळाली तर तोंड पाडून बसू नका.

मुलींसाठी एक नोंद. लीला पूनावाला १९६७ साली इथून मेकॅनिकल करून बाहेर पडल्या आणि पुढे अल्फा लाव्हालच्या भारतातल्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्या काळात मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये मुलगी म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. आताच्या फीबद्दल सांगायचं तर, २०२४-२५ पासून राज्य सरकारने कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कागद जून महिन्यात जमवायला घेऊ नका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर यांसाठी सेतू केंद्रात रांग लागते, बारावीची परीक्षा संपली की तेच पहिलं काम. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के, त्याही क्षमतेबाहेरच्या जादा असतात. त्यांचा कटऑफ खुल्या जागांच्या वर जातो, म्हणून पर्यायांच्या यादीत त्या आधी लिहायच्या.

आता मूळ मुद्द्यावर. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि संस्था मुंबईकडून पुण्याकडे आली. म्हणजे मालक बदलला, पद्धत तीच. अभ्यासक्रम विद्यापीठाचं मंडळ ठरवणार, आणि तो शेकडो कॉलेजांना झेपेल असाच ठरवावा लागणार. पेपर तपासणारा कोण, हे शिकवणाऱ्याला माहीत नाही, आणि शिकवलं काय होतं हे तपासणाऱ्याला माहीत नाही. या पद्धतीत मुलं काय शिकतात? गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायला शिकतात. माझ्या आधीच्या पिढ्यांतले भले भले हुशार सीनियर हेच सांगत.

याच काळात इतर जुन्या संस्था कुठे गेल्या ते बघण्यासारखं आहे. रुरकीचं थॉमसन कॉलेज १८४७ चं. ते १९४९ सालीच विद्यापीठ झालं आणि २००१ मध्ये आयआयटी. मद्रासच्या गिंडीचं मूळ १७९४ च्या सर्व्हे स्कूलपर्यंत जातं, १९७८ मध्ये ते अण्णा विद्यापीठात आलं. कलकत्त्याजवळच्या शिबपूरचं कॉलेज १८५६ चं, टप्प्याटप्प्याने स्वतंत्र होत २०१४ मध्ये केंद्राची राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. पुणं या रांगेत सर्वांत शेवटी. का, यावर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात रात्रभर वाद घालता येतो, आणि घातला जातो.

बदलाची पहिली खरी पायरी म्हणजे २००३-०४ ची स्वायत्तता. जागतिक बँकेच्या मदतीचा, तंत्रशिक्षण सुधारण्याचा टेक्विप कार्यक्रम त्याच सुमाराला आला. संस्थेला नियामक मंडळ मिळालं आणि त्याचे अध्यक्ष झाले टीसीएसचे एफ. सी. कोहली. २००६ पासून संचालक होते अनिल सहस्रबुद्धे, जे पुढे एआयसीटीई या देशाच्या तंत्रशिक्षण नियामक संस्थेचे अध्यक्ष झाले. स्वायत्तता म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आपला, पण पदवी देणार पुणे विद्यापीठच. विद्यार्थ्याच्या बाजूने याचा अर्थ असा: पेपर काढणारे सर तेच, जे सकाळी साडेनऊला वर्गात शिकवतात. त्यामुळे वर्गाला बसणं अचानक उपयोगी ठरायला लागलं. सेमिस्टरभर टेस्ट, असाइनमेंट, प्रॅक्टिकलचे गुण धरले जायला लागले, शेवटच्या आठवड्यात गाइड घोकून निभेना. क्लासमधून आलेल्या नव्या मुलांना हा धक्का अजूनही बसतो. सीईटीचं वर्ष एका पेपरवर उभं असतं, इथे रोजचं थोडं थोडं मोजलं जातं. पहिल्या सेमिस्टरला सीजीपीए घसरतो तो बहुतेक याच कारणाने, बुद्धी कमी पडली म्हणून नाही.

मग २०२२. विधिमंडळाने कायदा केला आणि त्या वर्षीच्या जूनपासून सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी अस्तित्वात आली. एकल सार्वजनिक विद्यापीठ, म्हणजे याला एकही संलग्न कॉलेज नाही. आता पदवी, पीएचडीची नोंदणी, दीक्षान्त समारंभ, सगळं स्वतःचं. नवा अभ्यासक्रम काढायचा तर दुसऱ्या कोणाच्या विद्या परिषदेपुढे फाइल न्यायला नको. चिखलीला दुसरा परिसरही उभा राहतोय.

याच राज्यात नेमका उलटा प्रवासही झालाय, तो माहीत असू द्या, कारण कॅपचा फॉर्म भरताना गोंधळ होतो. रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने एकल आणि निवासी म्हणून सुरू झालं. २०१४ च्या कायद्याने ते राज्यभरातल्या कॉलेजांना संलग्नता देणारं विद्यापीठ झालं. त्यामुळे ‘बाटू’ (याच विद्यापीठाचं छोटं नाव) असं कोणी म्हणालं की विचारा, लोणेरेच्या परिसरात शिकणार की बाटूच्या एखाद्या संलग्न कॉलेजात? पदवीवर नाव एकच, शिकण्याचा अनुभव वेगळा. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी २००८ पासून अभिमत विद्यापीठ, आणि १८८७ ची व्हीजेटीआय स्वायत्त राहून तिसऱ्याच वाटेने गेलेली. फॉर्ममधल्या प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे ‘स्वायत्त’, ‘संलग्न’, ‘विद्यापीठ विभाग’ यातलं काय लिहिलंय ते वाचा. फीच्या आकड्याआधी वाचा.

ज्यांना पुढे परदेशी जायचंय किंवा जावंसं वाटू शकतं, त्यांनी एक गोष्ट कॅम्पसवर असतानाच उरकावी. ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद प्रती आणि चारही वर्षांच्या सविस्तर अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत. बाहेरच्या मूल्यांकन संस्था काही वेळा विषयवार अभ्यासक्रम मागतात. ज्यांच्या पदवीवर एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरं नाव आहे, अशा स्वायत्त काळातल्या आम्हा लोकांना दोन्हीकडे पत्रव्यवहार करावा लागतो. तुमचं सगळं एकाच छपराखाली आहे, तेवढा फायदा घ्या. रेझ्युमेवर संस्थेचं आजचं पूर्ण नाव लिहा. मुलाखतीला बसलेला साठीचा माणूस ‘म्हणजे आपलं सीओईपी ना?’ असं विचारेलच.

अभ्यासाबाहेरचं थोडक्यात. बोट क्लब १९२८ पासूनचा. संगमाजवळची नदी जशी आहे तशी आहे, वासाची तक्रार पहिले दोन आठवडे होते, मग नाक सरावतं. दरवर्षीच्या रेगाटात, म्हणजे नौकांच्या महोत्सवात, कयाक बॅले आणि शेवटी मशाल डान्स असतो. काठावर बसून बघण्यापेक्षा पहिल्याच वर्षी वल्ही हातात घ्या, पोहता येत नसेल तर आधी ते शिका. नाटकवाल्यांनी फिरोदिया आणि पुरुषोत्तम या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमी कुठे चालतात ते शोधावं, म्हणजे जेवणाच्या वेळा पाळायच्या का नाहीत हा प्रश्न आपोआप सुटतो.

तांत्रिक क्लबांबद्दल मात्र थोडं सविस्तर. ‘स्वयम्’ हा साधारण किलोभर वजनाचा उपग्रह इथल्या विद्यार्थ्यांनी बनवला. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने श्रीहरिकोट्याहून जे वीस उपग्रह सोडले, त्यातला एक हा. त्याचं वैशिष्ट्य असं की दिशा सांभाळायला त्यात वीज खाणारी यंत्रणा नव्हती. आतल्या चुंबकामुळे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहायचा. काम सुरू झालं होतं २००८ मध्ये. हिशोब करा: बी.टेक. चार वर्षांचं. ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या, ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकरीला लागलेले होते. मधल्या बॅचेसनी फक्त चाचण्या केल्या, नोंदी ठेवल्या, पुढच्यांना समजावून दिल्या. क्लबच्या मुलाखतीत तुम्हाला ‘काय येतं?’ विचारतील. पहिल्या वर्षाला कोणालाच फार काही येत नसतं. नोंदवही नीट ठेवता येते, सोल्डरिंग शिकायची तयारी आहे, आणि परीक्षेच्या महिन्यातही गायब होणार नाही, एवढं खरं खरं सांगा. एकच क्लब धरा. तीन क्लबांचे टी-शर्ट घालणारा तिसऱ्या वर्षाला एकाही क्लबात दिसत नाही.

राहता राहिली डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं. बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के वाईजवळच्या पसरणीचे, कष्ट करत शिकले आणि १९४३ मध्ये इथून सिव्हिल झाले. साइटवरची समज घेऊन येणाऱ्यांची या संस्थेत परंपराच आहे. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, प्रॅक्टिकलला तुम्ही बारावीवाल्यांच्या पुढे असाल. अडचण गणिताची. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा बाकीच्यांनी केलेलं असतं, आणि दुसऱ्या वर्षाचे सर ते येतंय असं धरूनच डिफरन्शियल इक्वेशन आणि लाप्लासला हात घालतात. प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत जे आठवडे मिळतात, त्यात एखाद्या सीनियरकडून पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वह्या मागून घ्या आणि मॅट्रिक्स, आंशिक विकलन, मल्टिपल इंटिग्रल एवढं तरी हाताने सोडवून या. वह्या मागायला लाजू नका, हॉस्टेलवर त्या पिढ्यान्‌पिढ्या फिरतायत.